खिडकीवरून ठिबकणारं पाणी ज्यांना दिसलं, त्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही पिंपळगावला सुखरूप पोचलात हे तुमच्या लेकीकडून कळलं. निघताना मी आभार मानायला तोंड उघडलं तर "एवढ्याशा कामाचे कसले गं आभार" म्हणून तुम्ही गाडीत जाऊन बसलात. तोंडावर मानू दिले नाहीत, म्हणून आता चार लोकांसमोर मानते. शिवाय इथे टेक्सासात, डॅलसजवळच्या फ्रिस्कोत आपली बरीच मंडळी राहतात आणि बहुतेकांच्या ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्यावर, आमच्यासारखंच एसीचं धूड बसलेलं असतं. ते बंद पडलं की माझ्यासारखीच त्यांचीही भंबेरी उडणार.

त्या शनिवारी दुपारी बाहेर १०४ फॅरनहाइट होतं, म्हणजे आपले ४०. नाशिक जिल्ह्यात उन्हाळे काढलेल्या माणसाला ४० चं काय कौतुक! पण तिकडे पंखे असतात, दारं सताड उघडी टाकता येतात. इथलं घर म्हणजे लाकडी सांगाडा, त्यात कोंबलेला कापूस आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या खिडक्या. एसी गेला की दोन-तीन तासांत घराचा प्रेशर कुकर होतो. १९८० साली डॅलसला सलग ४२ दिवस आणि २०११ साली सलग ४० दिवस पारा शंभर फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. अशा गावात एसी बंद पडल्यावर "उद्या बघू" म्हणता येत नाही.

घरात ९१ झालं होतं. सासूबाई गळ्याभोवती ओला पंचा गुंडाळून बसल्या होत्या, धाकटी बाथरूमच्या फरशीवर पालथी पडली होती, आणि नवरा कामासाठी सिॲटलला. एसीला हुकूम देणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट कोरा ठणठणीत. आकडा नाही, दिवा नाही. मी गॅरेजमध्ये जाऊन ब्रेकर, म्हणजे एसीच्या विजेचा खटका, चार वेळा खाली-वर केला. मी सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंग करते, दिवसभर दुसऱ्यांच्या कामातले बिघाड शोधायचा पगार घेते. पण घरातला बिघाड शोधायची माझी पद्धत म्हणजे तेच बटण पुन्हा दाबणं.

मग ज्यांना फोन लागला त्या कंपनीचा माणूस आला. त्याने बाहेरच्या युनिटवरची पाटी वाचली, २००९ सालचं आहे म्हणाला आणि मान हलवली. ॲटिकमध्ये आत्ता फार तापलेलं असेल म्हणून तो वर चढलाच नाही. आतला सर्किट बोर्ड जळलाय, यात हवा गार करणारा जुना आर-२२ गॅस आहे, तो आता बनत नाही, आतलं-बाहेरचं सगळं बदला: १३ हजार ४०० डॉलर. आजच सही केलीत तर दीड हजार कमी. येण्याचे १२९ डॉलर घेऊन तो गेला आणि कागद टेबलावर ठेवून गेला. मी सही करणार होते, काका. पेन हातात होतं.

एवढ्यात तुम्ही संध्याकाळचा फेरा मारत आलात. दोन घरं पलीकडून, हातात काठी आणि टॉर्च. बेल वाजवून आत न येता दारातूनच म्हणालात, "पोरी, तुझं यंत्र बोलत नाहीये आज." मी सगळी रडकथा सांगितली. ती तुम्ही ऐकलीत की नाही कोण जाणे, कारण पुढचा प्रश्न भलताच आला.

"त्या खिडकीवरच्या नळीतून पाणी ठिबकत होतं ते कधी थांबलं?"

मला आठवेना. मग आठवलं. तीन-चार दिवस जेवणघराच्या खिडकीबाहेर टपटप चालू होती. मला वाटलं, एसीचं पाणी, पडायचंच. शुक्रवारी ते थांबलं तेव्हा उलट बरं वाटलं होतं.

"थांबलं तिथंच घोटाळा झाला," तुम्ही म्हणालात आणि मला बाहेरच्या युनिटपाशी घेऊन गेलात. तिथे भिंतीतून जमिनीलगत एक पांढरी नळी बाहेर येते. तीन वर्षं त्या घरात राहून मी ती पाहिली नव्हती. तुम्ही तिच्याखालची माती काठीने उकरलीत. कोरडी खडखडीत. "जुलै महिना, दिवसरात्र यंत्र चालू, आणि ही नळी कोरडी?"

नंतर मी वाचलं तेव्हा गंमत वाटली. १९०२ साली विलिस कॅरियर या इंजिनिअरने पहिला आधुनिक एसी आखला तो ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, आणि तिथलं दुखणं उकाड्याचं नव्हतं, दमट हवेचं होतं. कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही. म्हणजे हवेतलं पाणी काढणं हे या यंत्राचं मूळ काम. गार कॉइलवर, म्हणजे आतल्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, घाम फुटतो, तो खालच्या ताटलीत पडतो आणि नळीने बाहेर जातो; दमट दिवसांत असं बादल्या-बादल्या पाणी निघतं. आम्ही सगळे गार हवा कुठून येते ते बघत होतो. पाणी कुठे जातं, हे विचारणारे तुम्ही एकटे.

पुढचं तुम्ही पायरीवर बसून, टॉर्चने जमिनीवर रेघा मारत समजावलंत. खालची नळी हा पाण्याचा रोजचा रस्ता. तो तुंबला की पाणी यंत्राखालच्या मोठ्या परातीत सांडतं, आणि त्या परातीची नळी मुद्दाम खिडकीच्या वर काढलेली असते, घरवाल्यांच्या नजरेला पडावी म्हणून. (जावयाच्या घराची तशीच नळी तुम्ही आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात विचारून घेतली होती. मी घर विकत घेतानाही विचारली नव्हती.) तिकडे दुर्लक्ष झालं आणि कचऱ्याने तीही बंद झाली, की परात भरते. परातीत एक फ्लोट असतो, टाकीतल्या बॉलकॉकसारखा. पाणी चढलं की तो उचलला जातो आणि कंट्रोलची २४ व्होल्टची वीज तोडतो. आमच्या थर्मोस्टॅटला बॅटरी नाही, तो याच विजेवर चालतो. म्हणून कोरा.

"म्हणजे बोर्ड जळला नाही?"

"जळला असेलही. आधी पाणी काढू, मग बघू."

रात्री नऊ वाजता मी ॲटिकमध्ये चढले, कारण तुमचा गुडघा आणि ती घडीची शिडी यांचं जमणारं नव्हतं. तुम्ही खाली उभे राहून हुकूम सोडत होतात. आधी ब्रेकर बंद. तो बंद केलास ना? परत जाऊन बघ. पाय फक्त लाकडावर, मधल्या कापसावर ठेवलास तर थेट सासूच्या पलंगावर येशील. सासूबाई खालून हसल्याचं मला वर ऐकू आलं, दिवसभरात पहिल्यांदा. रात्र झाली तरी वर भट्टी होती. टॉर्च मारला तर परात काठोकाठ भरलेली आणि फ्लोट ऐटीत वर बसलेला. शेजाऱ्यांकडून आणलेल्या, पाणी ओढणाऱ्या व्हॅक्युमने मी परात उपसली.

मग खाली येऊन त्या कोरड्या नळीला व्हॅक्युमचं तोंड लावलं, फटीला जुनं फडकं गुंडाळलं आणि दोन-तीन मिनिटं ओढलं. आधी नुसती घरघर, मग एकदम गचकन काहीतरी आलं. डबा उघडला तर तपकिरी-हिरव्या शेवाळाचा लांबलचक लगदा. तुम्ही टॉर्च धरून तो असा निरखलात, जणू मणी घसरलेले द्राक्षाचे घड तपासताय. मग म्हणालात, "मोरी तुंबली होती तुझी. आणि तो गडी घर पाडायला निघाला होता."

फिल्टरबद्दल तुम्ही रागावलात ते बरोबर होतं. पाच महिन्यांचा होता, त्यावर करडी गोधडी चढली होती. त्यातनं सुटलेली धूळ कॉइलवर जाते, पाण्याबरोबर ताटलीत उतरते आणि शेवाळाला खत मिळतं, हे तुम्ही सांगितलंत आणि मी मान खाली घालून ऐकलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात ती नंतरची पाच मिनिटं. नळीतून व्हिनेगर आणि मग साधं पाणी सोडून पाहिलं, ब्रेकर चालू केला, थर्मोस्टॅट उजळला, घरातला पंखा फिरायला लागला. बाहेरचं युनिट मात्र ढिम्म. माझ्या पोटात गोळा आला. मी परत बटणाकडे हात नेला आणि तुम्ही काठी आडवी धरलीत. "बस. चहा ठेव." चालू केल्या केल्या बाहेरच्या युनिटमधला, गॅस दाबणारा कॉम्प्रेसर उठत नाही, उठूही नये, आतला दाब सारखा व्हायला वेळ लागतो, म्हणून थर्मोस्टॅट मुद्दाम पाचेक मिनिटं थांबवतो. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाच्या कॉम्प्रेसरपाशी तीस वर्षं काढलेल्या माणसाला घाई कशी ती नव्हतीच. द्राक्षाचा कंटेनर दारात उभा आणि प्लांट बंद, अशा रात्रींच्या गोष्टी तुम्ही आलं किसून होईपर्यंत सांगितल्यात. चहाला उकळी आली आणि बाहेर खट्ट आवाज होऊन घूंऽऽ सुरू झालं. सासूबाईंनी हात जोडले. कुणाला, यंत्राला की तुम्हाला, ते मी विचारलं नाही.

जे तुम्ही केलं नाहीत त्याचेही आभार मानायचे आहेत. उत्साहाच्या भरात मी म्हटलं, आलोच आहोत तर बाहेरच्या युनिटचं झाकण उघडून आत बघू या. तुम्ही साफ नाही म्हणालात. आतल्या वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही झटका शिल्लक असतो, आणि तपासायचं मीटर आपल्यापाशी नाही. गॅसला हात लावायला तर इथे सर्टिफिकेट लागतं, ते माझ्याकडे नाही, असं तुम्ही सरळ सांगितलंत. तीस वर्षं तेच काम केलेल्या माणसाने.

आणि आर-२२ चं. तो गॅस २०२० पासून अमेरिकेत नव्याने बनत नाही की आयात होत नाही, हे त्या माणसाने खरंच सांगितलं होतं. अर्ध्या खऱ्याची भीती जास्त वाटते. तुम्ही म्हणालात, "गॅस म्हणजे पेट्रोल नाही, जळून संपायला. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झालाच तर कुठंतरी भोक आहे, आणि ते भोक दाखव म्हणायचं." दुसऱ्या दिवशी मी तुमच्या सांगण्यावरून साधा थर्मामीटर घेऊन हवा मोजली. परत जाणारी ७८, जाळीतून येणारी ६०. अठराचा फरक. तुम्ही नुसतं "हं" केलंत. त्या "हं"वर मी तो टेबलावरचा कागद फाडला.

यंत्र जुनंच आहे, एक दिवस जाईल, हेही तुम्ही बजावलंत. तेव्हा घाम पुसत सही करायची नाही; आत्तापासून पैसे बाजूला टाकायचे आणि हिवाळ्यात तीन ठिकाणी भाव विचारायचे. ते काम नवऱ्याला लावलं आहे. त्याला ही सगळी कथा फोनवर सांगितली तेव्हा तो म्हणाला, "पण मला वाटायचं ती नळी पावसाच्या पाण्याची आहे." घर घेताना याच माणसाने तपासणीचा चाळीस पानी अहवाल वाचला होता.

हिशोब सांगायचा तर व्हिनेगर आणि नवा फिल्टर मिळून वीस डॉलरच्या आत काम झालं. दर महिन्याच्या एक तारखेला कपभर व्हिनेगर नळीत जातं, धाकटीला वरून "पाणी आलं का?" असं ओरडून विचारते आणि ती खालच्या नळीपाशी उकिडवी बसून "आलं!" म्हणते. खिडकीवरची नळी कोरडी आहे. काकूंना साष्टांग नमस्कार सांगा.

तुमची,
दोन घरं पलीकडची

ता. क. तुमचा टॉर्च आमच्याकडेच राहिला. ॲटिकच्या शिडीला दोरीने बांधून ठेवला आहे. पुढच्या खेपेला न्याल म्हणून लिहीत नाही. नेऊ नका म्हणून लिहिते आहे.