पगाराआधी परवान्याचे विचारा

पदवीविना चांगला पगार देणाऱ्या व्यवसायांवरील आपला लेख वाचला. त्यात पगाराचे आकडे आहेत, पण शिकण्याच्या काळाचा हिशेब नाही. लिफ्ट तंत्रज्ञ किंवा वीजतंत्री होण्यासाठीही अनेक देशांत तीन-चार वर्षे उमेदवारी करावी लागते. पदवीच्या शिक्षणापेक्षा फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की या काळात हातात पैसे पडतात. जर्मनीतील दुहेरी प्रशिक्षणात उमेदवार २ ते ३.५ वर्षे कंपनीत काम आणि व्यवसाय शाळेत शिक्षण असे दोन्ही करतात, तेही विद्यावेतन घेऊन. याउलट, काही आठवड्यांच्या वर्गासाठी भरमसाट शुल्क आकारून निरुपयोगी प्रमाणपत्र हाती देणारेही आहेत. ते प्रमाणपत्र त्या व्यवसायाच्या परवान्यासाठी ग्राह्य आहे का, हे मुलांनी शुल्क भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

– एक वाचक