तक्रार : तळघराच्या निचऱ्याचा पाइप चुकीच्या पातळीवर टाकल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : निचऱ्याचे काम आराखड्याप्रमाणे नव्याने करून देणे

महोदय,

आपण भिंतीबाहेर जमिनीत निचऱ्याचा छिद्रांचा पाइप टाकून दिल्यानंतरही तळघरात पाणी येत आहे. ते भिंतीच्या अंगातून नाही, तर भिंत आणि फरशी मिळतात त्या सांध्यातून वर येते. आपल्या पाहणी अहवालात मात्र ‘भिंतीला ओल’ असे निदान करून आतून रासायनिक कोटिंगचे दोन हात सुचवले आहेत. हा उपाय आम्हाला मान्य नाही.

बाहेरून दोन ठिकाणी माती काढून पाइप उघडा केला आणि लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळ्या घेतल्या. आराखड्यानुसार पाइपचा तळ सर्वांत उंच टोकालाही फरशीच्या १५० मिमी खाली असायला हवा होता. प्रत्यक्षात संपजवळ (निचऱ्याचे पाणी जमून पंपाने उपसले जाते त्या खड्ड्याजवळ), म्हणजे जिथे पाइप सगळ्यात खोल असतो तिथेच, तो फरशीच्या १२० मिमी वर आहे. म्हणजे भिंतीबाहेरचे पाणी फरशीपेक्षा किमान १२० मिमी वर चढल्याशिवाय पाइपात शिरतच नाही, आणि तोवर त्याला सांध्याची वाट मोकळी असते. बाकी सगळे काम निर्दोष असते तरी या एका चुकीने व्यवस्था निरुपयोगी ठरली असती.

बाकीचे कामही निर्दोष नाहीच. १८ मीटरच्या लांबीत १०० ला १ या ढाळाने पाइप १८० मिमी उतरायला हवा. तो ४० मिमी उतरला आहे आणि मध्ये झोल पडून तिथे गाळ साचला आहे. पाइपची छिद्रे वर तोंड करून आहेत. ती खालच्या अंगाला, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी हवीत. पाणी खालून चढते, ते पहिल्याच पातळीला पाइपात यायला हवे. भोवती धुतलेली २० मिमी खडी ठरली होती, टाकली आहे कच मिसळलेली. जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे) फक्त पाइपला गुंडाळले आहे. ते चराच्या बाजूंनी आणि खडीच्या वरून घ्यायचे असते, म्हणजे गाळणीचे क्षेत्र मोठे राहते. पाइपला चिकटून असलेले कापड बारीक मातीने छिद्रांपाशीच लिंपले जाते, तसे ते लिंपले गेलेही आहे. कोपऱ्यांत सफाईची तोंडे ठेवलेली नसल्याने गाळ पाण्याच्या झोताने काढता येत नाही.

सर्वांत अनाकलनीय गोष्ट म्हणजे छताचे पावसाळी पाइप याच सच्छिद्र पाइपला जोडले आहेत. १०० चौरस मीटर छतावर ५० मिमी पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी होते. ते आपण पायाशी नेऊन छिद्रांतून जमिनीत सोडले आहे. छताचे पाणी वेगळ्या, बिनछिद्रांच्या पाइपने भिंतीपासून किमान ३ मीटर लांब गेले पाहिजे. पंपाचे पाणीही तसेच. सध्या ते भिंतीपासून हातभर अंतरावर पडते आणि फिरून संपात येते.

संपचा व्यास ३०० मिमी आहे आणि पंप सुरू व बंद होण्याच्या पातळ्यांत १५० मिमी फरक आहे. म्हणजे एका वेळी उपसायला जेमतेम साडेदहा लिटर पाणी. मिनिटाला १५० लिटर काढणारा पंप ते चार-पाच सेकंदांत संपवतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. मोटर अशीच जळते. ६०० मिमी व्यास आणि ३०० मिमी फरक ठेवला, तर सुमारे ८५ लिटर मिळतात आणि पंप अर्धा मिनिट सलग चालतो.

कोटिंगबद्दल : बाहेर मीटरभर पाणी उभे राहिले की भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला जवळपास एक टन दाब येतो. आतून लावलेल्या थराला तो दाब मागून ढकलतो. पोपडे सुटतात, नाहीतर पाणी शेजारचा सांधा शोधते. आधी दाब उतरवा, मग हवे तर रंगाचे बोलू.

पाइप काढून नव्या पातळीवर टाकताना चर फूटिंगच्या (भिंतीखालच्या पायाच्या) तळाखाली नेऊ नये. फूटिंगचा तळ फरशीच्या ६०० मिमी खाली आहे आणि पाइप संपपाशी ३३० मिमी खाली जाईल, त्यामुळे खाली १०० मिमी खडी अंथरायलाही जागा पुरते. माती लोटण्यापूर्वी दर ३ मीटरवर पातळी लिहून आमची सही घ्यावी, वरच्या टोकाच्या सफाईच्या तोंडातून पाणी सोडून ते संपात विनाअडथळा येते हे दाखवावे. भराव थराथराने धुमसून, भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमिनीला १५० मिमी बाहेरचा उतार द्यावा.

हे काम हमीच्या मुदतीतले असल्याने त्याचे वेगळे पैसे आम्ही देणार नाही. कामाचे वेळापत्रक १५ दिवसांत लेखी कळवावे. तसे न झाल्यास पातळ्यांच्या नोंदी आणि छायाचित्रांसह ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल.

आपले,
इमारत देखभाल समिती

सोबत : पातळ्यांचा तक्ता, मंजूर आराखड्याची प्रत, उघड्या पाइपची छायाचित्रे