विक्री कोल्हापुरात, वॉरंटी पुण्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवाजी उद्यमनगरात माझं मशीनशॉप आहे. फौंड्रीतून आलेले ओतीव जॉब लेथवर, सीएनसीवर फिनिश करून द्यायचे, हा धंदा. त्यामुळं मशीन बिघडतं याचं मला नवल नाही. बिघडल्यावर विकणारा काय बोलतो, याचं मात्र यंदा फार नवल वाटलं, म्हणून हे पत्र.

दिवाळीला मुलासाठी गेमिंग कन्सोल घेतला. आम्ही मंगळवार पेठेतले, त्यामुळं पोराला फुटबॉल सोडून दुसरं काही सुचत नाही. शाहू स्टेडियमवर मॅच नसेल त्या दिवशी मित्र गोळा करून टीव्हीवर मॅच. राजारामपुरीतल्या दुकानातून पक्कं बिल करून, जीएसटी भरून घेतला. पन्नास हजारांच्या वर गेले. वॉरंटी एक वर्षाची. ऐन पावसाळ्यात एक दिवस बटण दाबल्यावर दिवा लागला, पंखा फिरला, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’. केबल बदलली, शेजारचा टीव्ही लावून बघितला. काही फरक नाही.

दुकानदार म्हणाला, ‘आमच्याकडं फक्त सेल असतो साहेब. सर्विसचं कस्टमर केअरला विचारा.’ कस्टमर केअरवाली मुलगी गोड बोलली. मूळ खोक्यात, मूळ पॅकिंगसकट, बिलाची झेरॉक्स लावून पुण्याच्या सर्विस सेंटरला पाठवा. पाठवायचा खर्च तुमचा आणि वाटेत काही झालं तर जबाबदारीही तुमची. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामातून पुण्याला जाऊन आलेल्या माणसाला या शेवटच्या वाक्याचं वजन मी वेगळं सांगायला नको. खोका माळ्यावर होता म्हणून निभावलं. खोका रद्दीत गेला असता तर वॉरंटीही रद्दीतच गेली असती.

बरेच दिवस काहीच कळलं नाही. मग एका ओळीचा मेसेज आला : ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही.’ खाली बोर्ड बदलायचं एस्टिमेट, नव्या कन्सोलच्या निम्म्याहून जास्त. डॅमेज नेमका कुठं, कशानं झाला, हे विचारायला फोन केला. ‘सर, सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय.’ फोटो मागितला. ‘सर, तशी प्रोसेस नाही.’

संपादक महोदय, आमच्या उद्यमनगरात पुण्याच्या कंपनीकडून जॉब रिजेक्ट होऊन येतो तेव्हा सोबत रिजेक्शन नोट येते. ड्रॉइंगवर बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं माप इतकं, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक इतका, तुमच्या पीसमध्ये मिळालं इतकं, तपासणाऱ्याची सही. बोअर दोन शतांश मिलिमीटर मोठा झाला तरी आकडा लिहून देतात. आम्ही गेज घेतो, पुन्हा मोजतो, चूक आमची असेल तर गप्प नुकसान सोसतो, नसेल तर भांडतो. शे-दीडशे रुपयांच्या पीसला जो शिष्टाचार आहे, तो अर्ध्या लाखाच्या वस्तूला का नसावा? माझी तक्रार एवढीच आहे. कंपनीनं वॉरंटी नाकारूच नये असं मी म्हणत नाही. कुणी पोर्टात केबल उलटी घुसवली, कुणी चहा सांडला, तर कंपनीनं का भरून द्यावं? पण नाकारताना माप दाखवा.

कन्सोल परत आणला आणि लक्ष्मीपुरीतल्या एका मेकॅनिककडं नेला. पंचविशीतला पोरगा, मोबाइलच्या बोर्डांवर हात बसलेला. त्यानं मायक्रोस्कोपखाली एचडीएमआय पोर्ट, म्हणजे टीव्हीची केबल लागते ती जागा, दाखवला. पिना सगळ्या सरळ, ओळीत. पोर्टाच्या मागं चित्राचा सिग्नल सांभाळून पुढं धाडणारी एक आयसी, म्हणजे छोटी चिप असते, ती गेली असावी असं त्याचं मत पडलं. त्याचंच खरं धरा असा माझा आग्रह नाही. पण त्यानं पाच मिनिटांत मला बोलावून डोळ्यांनी दाखवलं. आयसी लगेच बदलून देतो म्हणत होता, मी थांबवलं. पुरावा आहे तसा राहू दे म्हटलं. फोटो काढले आणि झाकण लावून घेतलं.

अशा मशिनी माणसाचा हात न लागताही मरतात, हे काही गुपित नाही. आजचा मोठा कन्सोल गेम चालू असताना दोनशे वॅटच्या आसपास वीज खातो आणि जवळपास तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. तापलं की फुगतं, निवलं की आकसतं, आणि चिप, बोर्ड आणि त्यांना जोडणारं सोल्डर ही तिन्ही एकाच प्रमाणात फुगत नाहीत. रोज चालू-बंद होताना ताण येतो तो जोडांवर. त्यात १ जुलै २००६ पासून युरोपनं इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आणली, आणि जगभरच्या कारखान्यांना बिनशिशाच्या सोल्डरकडं वळावं लागलं. ते सोल्डर जुन्यापेक्षा कडक, वाकण्याऐवजी तडकणारं.

त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० भराभर बंद पडू लागले होते. बटणाभोवती लाल दिवे लागले की संपलं. पुढं कंपनीच्याच इंजिनिअरांनी सांगितलं, की वारंवार तापण्या-निवण्यानं चिपच्या आतले जोड तुटत होते. जुलै २००७ मध्ये कंपनीनं त्या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली, आधी ज्यांनी दुरुस्तीचे पैसे भरले होते त्यांना ते परत दिले आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. ग्राहकाच्या घरी रिकामा खोका पाठवायचा, मशीन त्यात घालून न्यायचं, दुरुस्त करून परत आणून द्यायचं, असा बंदोबस्त होता. अर्थात तिथं बोंब मोठी झाली म्हणून हे झालं. कोल्हापूरच्या एका बापाच्या बोंबेनं पुण्यातला काउंटरसुद्धा हलत नाही.

‘हे स्टिकर फाटल्यास वॉरंटी रद्द’ हाही असाच धाक. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना यावरून इशाऱ्याची पत्रं पाठवली. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या कन्सोलवाल्या तिघीही त्यांत होत्या. आपल्याकडं केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल उघडलं. कंपन्यांनी तिथं सर्विस सेंटर, सुटे भाग, वॉरंटी यांची माहिती द्यावी, अशी कल्पना. चांगली आहे. पण पोर्टलवर पत्ता पुण्याचाच दिसणार असेल तर कोल्हापूरकरानं करायचं काय?

हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी या शहरानं किती वर्षं मोर्चे काढले, ते आपल्याच वर्तमानपत्रानं छापलंय. १८ ऑगस्ट २०२५ ला ते इथं सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली. कंपन्यांकडं आम्ही कोर्ट मागत नाही, कारखानाही नाही. जिथं वस्तू विकता तिथल्याच दुकानात एक टेबल टाका. बिघडलेली वस्तू तिथं ग्राहकासमोर तपासून, फोटो काढून, पोच देऊन ताब्यात घ्या आणि पुढची ने-आण तुमच्या खर्चानं करा. म्हणजे डॅमेज घरातला, वाटेतला की सेंटरमधला हा वादच उरणार नाही. ऑफरचे फ्लेक्स लावायला जागा मिळते, त्याच दुकानात एका टेबलाला मिळत नाही?

ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी, मला धक्के खाऊन कळलेली माहिती देतो. फोनवर भांडण्यात दम घालवू नका, सगळं ईमेलवर मागा. खोका आणि बिल जपा. पार्सल करण्याआधी सगळ्या पोर्टांचे जवळून फोटो आणि सिरियल नंबरचा व्हिडिओ काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षांची. दोष तपासायची गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो. म्हणूनच आमचा कन्सोल दुरुस्त न करता कपाटात ठेवलाय. पोरगं रोज कपाटाकडं बघतंय आणि माझ्याशी कमी बोलतंय, तो भाग वेगळा.

माझी तक्रार आयोगात दाखल झाली आहे. नोटीस मिळाल्यावर कंपनीला तीस दिवसांत, परवानगी मिळाली तर आणखी पंधरा दिवसांत, आपलं म्हणणं लेखी मांडावं लागतं. ‘फिजिकल डॅमेज’ कुठं दिसला, ते निदान त्या कागदावर तरी वाचायला मिळेल.

आपला,
एक मशीनशॉपचालक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर