तुझ्या देणगीच्या अटीविषयी

सदाशिव पेठ, पुणे

चि. अमेय यास आईचे अनेक आशीर्वाद.

वसतिगृहाला दरवर्षी देणगी देण्याचा तुझा विचार कळला आणि मनापासून आनंद झाला. मात्र ‘यातला एकही रुपया पगारावर किंवा कार्यालयावर जाऊ नये, सगळा मुलींवरच खर्च व्हावा’ ही तुझी अट मला पटलेली नाही. संस्थेचे हिशेब माझ्याकडे आहेत, म्हणून ती का पटली नाही हे सविस्तर लिहिते.

मुलींवरचा खर्च म्हणजे नेमका कोणता, याचा आधी विचार कर. पहाटे उठून साऱ्यांच्या पोळ्या लाटणाऱ्या मावशी, रात्री ताप चढलेल्या मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात नेणाऱ्या अधीक्षिका, शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीच्या आत भरले जातात की नाही हे पाहणारा कारकून, यांचे पगार वगळले तर मुलींच्या वाट्याला तांदूळ आणि गाद्या तेवढ्या उरतात. आमचे काम माणसांच्या हातून होते आणि त्या माणसांनाही घर चालवायचे असते. कमी पगारामुळे चांगली अधीक्षिका सोडून गेली की नवी येईपर्यंत त्याची झळ मुलींनाच बसते.

देणगीदाराला ही शंका का येते, हेही मी समजू शकते. दुकानातून आणलेली वस्तू वाईट निघाली तर आपल्याला लगेच कळते. इथे पैसे तू देणार आणि जेवणार दुसरेच कोणी, तेही तुझ्यापासून हजारो मैलांवर. हेन्री हान्समन या अमेरिकी अभ्यासकाने 1980 मध्ये मांडले होते की नफा वाटून घ्यायला बंदी असलेल्या संस्था नेमक्या याच अडचणीतून उभ्या राहतात, कारण शिल्लक मालकाच्या खिशात जाणार नाही एवढी तरी खात्री देणाऱ्याला मिळते. आपल्याकडे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि ते धर्मादाय आयुक्तांकडे जातात. आयकरातली सूट टिकवायची तर उत्पन्नाचा साधारण 85 टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो. ही सगळी खात्री हिशेबनीस आणि लेखापरीक्षक यांच्या कामावर उभी आहे. तू ज्या कार्यालयाला पैसे देऊ इच्छीत नाहीस, तेच तुझ्या पैशाची राखण करते.

पुण्यातल्या संस्थांचा इतिहास पाहिला तर त्या लहान आणि नियमित पैशावर तग धरून राहिलेल्या दिसतात. अंताजी काळे यांनी दारोदार एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांची 15 लाखांची देणगी मिळाली ती 1920 मध्ये. त्याआधीची चार वर्षे ते विद्यापीठ गावोगाव फिरून जमवलेल्या लहानमोठ्या रकमांवर चालले. मोठ्या देणगीने संस्थेचे रूप पालटते हे खरेच, पण ती येईपर्यंत संस्था जिवंत ठेवावी लागते आणि ते काम वर्गणीदार करतात.

तो वर्गणीदार आता कमी होतो आहे, याची मला फार काळजी वाटते. तू राहतोस त्या अमेरिकेत एकूण दानाची रक्कम वाढत जाऊन वर्षाला 50,000 कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे आणि राष्ट्रीय उत्पन्नाशी तिचे प्रमाण कित्येक दशके दोन टक्क्यांच्या आसपास टिकून आहे. पण 2000 साली तिथली जवळपास दोन तृतीयांश कुटुंबे काही ना काही देत होती, ती 2018 पर्यंत निम्म्याच्या खाली आली. पैसा वाढला तरी तो थोड्या हातांत एकवटला, आणि त्याबरोबर कशावर खर्च करायचा हे ठरवण्याचा अधिकारही.

आपल्याकडे वेगळ्या वाटेने तेच घडते आहे. कंपनी कायद्यानुसार 2014 पासून ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. या पैशाने पुष्कळ चांगली कामे झाली, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातला सर्वांत मोठा भाग येतो. पण तो पैसा प्रकल्पाचा असतो आणि बहुधा वर्षाच्या मुदतीचा असतो. संगणक मिळतात, ते दुरुस्त करणाऱ्याचे मानधन मात्र मिळत नाही. मार्च 2020 मध्ये पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कमही याच खर्चात धरण्याची मुभा मिळाली, तेव्हा या पैशाची दिशा किती पटकन बदलू शकते हे सर्वांनी पाहिले. दुसरीकडे जुन्या संस्थांचा आधार असलेला कायम निधी आटला नसला तरी त्याचे व्याज आटले: 1990 च्या दशकाच्या मध्यात बँकेच्या मुदत ठेवीवर बारा टक्के मिळत, आता त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात, आणि गॅस, वीज व पगार यांचे आकडे त्या मानाने थांबलेले नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी, की एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी दे, आणि ती कशावर खर्च करावी हे कार्यकारी मंडळावर सोड. जूनमध्ये नव्या मुली येतात तेव्हा अधीक्षिकेचा पगार वेळेवर होईल हे मला एप्रिलमध्येच कळले, तर त्याचे मोल मला एखाद्या नव्या खोलीपेक्षा अधिक वाटते.

तुझी कंपनी तेवढीच भर घालायला तयार आहे, याबद्दल तिचे आभार मान. पण परदेशी कंपनीचा पैसा घ्यायला परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती आपल्या संस्थेकडे नाही. तुझे नागरिकत्व भारतीय आहे तोवर तू स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही, ती सरळ संस्थेच्या खात्यावर येऊ शकेल. पासपोर्ट बदलण्याचा विचार असेल तर मात्र मला आधी कळव.

मागील तीन वर्षांचे ताळेबंद सोबत पाठवते आहे. आस्थापना खर्चाचे पान आधी वाच, एकेका आकड्यावर हवे ते प्रश्न विचार, आणि मगच रक्कम ठरव.

तुझी,
आई