रानातल्या वर्गाबद्दल आजींना आभाराचं पत्र

आदरणीय आजी,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला आभाराचं पत्र द्यायचं असं शाळा व्यवस्थापन समितीत ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. जावक क्रमांकाच्या चार ओळींत ते मावेना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. जिल्हा परिषदेच्या इतर शाळांतल्या गुरुजी-बाईंनीही वाचलं तर बरंच.

मी घाटावरची. शहापूर तालुक्यात बदली झाली तोवर शेवळं ही रानभाजी कधी खाल्ली नव्हती. बाजारात तुमच्या पाटीत दिसायची तेवढीच. पहिल्या पावसानंतर, पान फुटायच्या आधी जमिनीतून वर येतो तो शेवळाचा फुलोरा, हे तुम्ही ओढ्याकाठी मुलांना बसवून दाखवलंत. एकानं मुळासकट उपटायला हात घातला तर केवढ्यांदा ओरडलात! "कांदा राहू दे रं, पुढल्या साली काय खाशील?" भाजीत काकडाच्या झाडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजतो, हेही तुम्हीच सांगितलंत. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची, एवढी भर मी घातली. आम्लांचा धडा त्या दिवशी फळ्याशिवाय झाला.

पण खरे आभार मोहाचे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात, घरची माणसं वेचायला जातात आणि पोरंही त्यांच्यासोबत. मग आम्ही पटावर लाल शाईनं गैरहजेरी मांडत बसतो. मी तुमच्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, "मग शाळाच मोहाखाली आण की." सकाळची शाळा होतीच. परिपाठ झाडाखाली झाला, पोषण आहाराचा तराजू तिथे नेला. ताजी फुलं तोलली, वाळल्यावर पुन्हा तोलली. किती टक्के पाणी उडालं, हे सातवीच्या मुलांनी काढलं; मग वाळलेल्या फुलांचा व्यापारी देतो तो भाव लावून घरच्या वेचणीचा हिशेबही केला. (तो हिशेब एका पालकांनी मागून नेला.) वर्गात मान खाली घालून बसणारी एक मुलगी त्या दिवशी कोणत्या झाडाची फुलं गोड, कोणतं झाड उशिरा गळतं, हे आम्हाला ऐकवत होती. मी लिहून घेत होते.

सापांची भीती सगळ्यांनाच होती, मलाही. दगडाखाली हात घालायचा नाही, गवतात काठी आपटत चालायचं आणि खवले घासल्याचा खरखर आवाज आला की ते फुरसं, जागीच थांबायचं. तुमचे हे नियम आता शाळेच्या भिंतीवर रंगवलेत.

पर्यावरण सक्तीनं शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच सांगितलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. मुलांनी गावातल्या जाणकारांकडे शिकावं म्हणून त्यात सुतार, माळी, कुंभार अशी उदाहरणं दिलीत. रानभाजी विकणारी आजी काही त्यात नाही. दप्तर घरी ठेवून मुलांना मैदानात उभं करायचं आणि फोटो पाठवायचे, एवढ्यावरही हे दिवस निभावता येतात, हे आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. तुम्ही नसता तर आमचेही तसेच गेले असते.

एक गोष्ट मनाला लागते. तुमचा बाजाराचा दिवस बुडायचा आणि आम्ही चहा पाजून पाठवायचो. शाळेच्या अनुदानात अशा कामाला रक्कम दाखवायची सोय सापडली नाही. पुढच्या वर्षी लोकवर्गणीतून निदान तुमची मजुरी तरी द्यायची, असा ठराव झालाय. नको म्हणू नका.

मृगात शेवळं वर आली की नातवाबरोबर निरोप धाडा. यंदा पाचवीची पोरंही येणार आहेत, आणि ती फार बडबडी आहेत, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
शाळेतल्या बाई