वहिनींचा पगार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आई "जेवलंस काय?" म्हणून विचारते. म्हणून लिहून पाठवते आहे. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मधली वाक्यं गाळायची नाहीत.

तुमचं दोघांचं बघायला रोज येणाऱ्या आपल्या वहिनींचा पगार या एक तारखेपासून पाच हजारांवरून बारा हजार केला आहे. दादाशी बोलणं झालंय. अर्धे तो कुवेतहून पाठवणार, अर्धे मी. पैसे थेट त्यांच्या खात्यात जातील, तुमच्या हातून काहीच द्यायचं नाही. वेळ सकाळी आठ ते चार. रविवारी सुट्टी. रविवारी धाकटी काकी येऊन इन्सुलिन देऊन जाईल, तिला मी विचारलंय आणि ती आनंदाने हो म्हणालीय, उगाच तिला संकोच वाटेल असं काही बोलू नका. गणपतीत वहिनींना भरपगारी रजा, त्या दिवसांत आम्ही सगळे तिथे असतोच. हे मी वहिनींना सांगूनही टाकलं आहे, तेव्हा आता मागे घेता येणार नाही. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, मग तुमचा शब्द मोडून करावं लागलं असतं, आणि ते माझ्याने झालं नसतं.

बाबा, तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. "वाडीत कोण एवढे पैशे देनत नाय." खरं आहे, देत नाहीत. म्हणून तर आपल्याकडे एकही बाई टिकली नाही. पहिली हंगाम सुरू झाला तशी वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूच्या कारखान्यात गेली, दुसरी होमस्टेत चादरी बदलायला, तिसरी लेकाकडे गोव्याला. प्रत्येकीला आपण नावं ठेवली. माणसं मिळत नाहीत, हे आपल्याकडे आंब्याच्या बागेपासून देवळाच्या जत्रेपर्यंत सगळेच म्हणतात. एवढ्या पैशांत मिळत नाहीत, हे पुढचं कोणी बोलत नाही. नवी बाई आली की आईने तिला सुई कशी धरायची इथपासून शिकवायचं, तोवर बाबांचे व्यायाम बंद. मागच्या पावसात बाबा न्हाणीत घसरले ते नेमके एक बाई गेली आणि दुसरी यायची होती तेव्हा. त्या एका पडण्यात गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात नेण्याआणण्याचा, एक्सरेचा, माझ्या बिनपगारी रजेचा जो खर्च झाला, त्यात वहिनींना कितीतरी महिने नीट पगार देता आला असता. वाचवले म्हणून जे आपण समजत होतो ते पैसे असे गेले.

माझं तर कामच पगारपत्रकं करण्याचं. दुसऱ्यांच्या पीएफचे आणि ईएसआयचे आकडे दिवसभर मांडते, आणि आपल्या घरातला हिशेब मात्र परवा पहिल्यांदा कागदावर घेतला. पाच हजार भागिले तीस, कारण वहिनी तीसही दिवस येतात, सुट्टी अशी आपण त्यांना दिलेलीच नाही. दिवसाला १६६ रुपये. केंद्र सरकारने २०१९ साली देशभरासाठी मजुरीची जी तळाची पातळी धरली, ती १७८ रुपये होती, आणि ती फारच कमी म्हणून कामगार संघटनांनी तेव्हाच ओरड केली होती. आपण त्याच्याही खाली. रोजगार हमीवर आपल्या राज्यात २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे सव्वीस दिवसांचे ८,११२. चर खणणाऱ्याला ३१२, आणि आमच्या बाबांना काखेत हात घालून उठवून बसवणारीला १६६. आकडा बघून मी लॅपटॉप मिटला आणि दादाला फोन लावला.

किमान वेतन म्हणजे काय हे १९५७च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं होतं. एका कमावत्याच्या पगारात नवरा-बायको आणि दोन मुलांचं पोटभर अन्न, वर्षाला बहात्तर वार कापड, घरभाडं, सरपण-दिवाबत्ती निघाली पाहिजे. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. बाबा, हे मी तुम्हाला शिकवत नाहीये. लाल बावट्याच्या सभांना जाऊन आलेल्या माणसाला मी काय शिकवणार!

आई, तू म्हणशील, चहा, न्याहारी, दुपारचं जेवण, आंबे-फणस, माझ्या साड्या, एवढं सगळं देते ते काय? तू देतेस ते मनापासून देतेस, मला माहीत आहे, आणि ते तसंच देत जा. पण साडीने बचत गटाचा हप्ता फिटत नाही ना गो. वहिनींच्या घरी काय चाललंय ते तू मला सांगितलंस तुकड्या-तुकड्यांनी, मी फक्त ते जोडलं. घोव ट्रॉलरवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत घरात दमडी येत नाही, म्हणून बोटवाल्याकडून आगाऊ उचल. ती उचल पुढच्या हंगामाच्या वाट्यातून कापली जाते. म्हणजे दर्या कितीही देवो, नारळी पौर्णिमेला माणूस कर्जातच बोटीवर चढतो, आणि उचल अंगावर असताना दुसरी बोट धरता येत नाही. मुलगा आरोंद्याच्या पुलावरून रोज गोव्यात जातो, ठेकेदाराकडे. चेडू बारावीला चांगली पास झाली आणि घरी बसली, नर्सिंगची फी नाही म्हणून. आणि वहिनी तुझ्या गोळ्यांची वेळ कधी चुकवत नाहीत, पण स्वतःची सोनोग्राफी गेल्या पावसाळ्यापासून पुढे ढकलतायत.

मे महिन्यात मी आले होते तेव्हा त्यांचे हात जवळून पाहिले. आईला सुई देत होत्या. बोटांची अग्रं काळी आणि गुळगुळीत, ठसेच नाहीत. काजूच्या कारखान्यात काढलेल्या वर्षांचा हा प्रसाद. टरफलाचं तेल कातडी जाळतं, वरून राख चोळायची आणि पुढचा काजू घ्यायचा. मजुरी किलोवर, आणि गर अख्खा निघाला तरच पुरी, तुकडा पडला की कमी. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून त्यांना चेडवाला बरोबर न्यावं लागतं, हे त्यांनी मला हसत सांगितलं. त्या बोटांनी त्या आईच्या पोटाची चिमूट इतकी हलक्या हाताने धरतात की आई बोलायची थांबतसुद्धा नाही.

आता वाडीचं. वरच्या घरचे काका बोलणारच, "तुमी मजुरी बिघडवलास." त्यांचंही सगळं चूक नाही हो. त्यांची कलमं किती, फवारण्या किती, फुलकिड्याने मोहोर जातो कसा, आणि पेटी वाशीला गेल्यावर दलाल काय पट्टी पाठवतो, हे मी लहानपणापासून ऐकतेय. दर त्यांच्या हातात नसतो, मजुरी तेवढी हातात असते, म्हणून काट तिथे मारली जाते. राखणीला नेपाळी गडी येतो आणि बायकोमुलांसकट बागेतल्या पत्र्याखाली राहतो, तोही हौस म्हणून नाही. पण याच मजुरीवर आपली पोरं गावात राहायला तयार नाहीत. राहिला तर त्याला मुलगी कोण देत नाही. पोरं गेली की शाळेचा पट घसरतो, बाजारातलं एखादं दुकान बंद होतं, आणि मग गणपतीपुरती उघडणारी घरं मोजत आपण बसतो. वहिनींचे वाढलेले पैसे कुठे जाणार आहेत? शिरोड्याच्या बाजारातच ना? वाण्याकडे, कोळणीकडे, फार तर रिक्षावाल्याकडे. काकांना एवढं सगळं सांगू नका. त्यांना सांगा, "चेडवान ठरवल्यान, आमचा काय चालणा नाय." माझ्यावर ढकला. मी ठाण्यात आहे, मला काय फरक पडतो!

बाबा, एक लिहू की नको असं होतंय. राग मानू नका.

तुम्ही मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होतात तेव्हाचं तुम्ही फारसं बोलत नाही. आजीकडून ऐकलंय. सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर आत, नाही तर गावकऱ्यांच्या खोलीवर परत. खानावळीचे पैसे मात्र महिन्याचे महिना. मनीऑर्डर पंधरा रुपयांची आली की आजी ओळखायची, या महिन्यात पाळ्या कमी मिळाल्या. आत्याची शाळा चौथीत का सुटली हे तिने मला तिच्या तोंडाने कधी सांगितलं नाही, पण आजीने सांगितलं. मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तुम्ही ट्रंक घेऊन आलात. पेन्शनीची योजना १९९५ साली आली, तोवर तुमचा गिरणीशी संबंधच राहिला नव्हता. तुम्ही कोणाचा पैसा बुडवला नाहीत, कोणाला कमी लेखलं नाहीत. वहिनींना पाच हजारही तुम्ही वाडीतल्या दरापेक्षा जास्तच देत होतात. हे मला कबूल आहे आणि दादालाही.

मला आठवतं ते जत्रेतलं खाजं. दशावतार सुरू व्हायच्या आधी तुम्ही पावशेर घ्यायचात, आम्हा दोघांत वाटायचात, आणि आम्ही पुढे केलं की म्हणायचात, "माका गोड आवडणा नाय." मी ते कितीतरी वर्षं खरं धरून चालले होते. आता डॉक्टरांनी साखर बंद केली आणि तुम्ही फडताळातले लाडू चोरताना सापडता! तेव्हा कुठे मला कळलं. रात्रभर तुमच्या मांडीवर डोकं ठेवून मी संकासुराला घाबरायचे आणि तुम्ही तुमचा पंचा माझ्या डोळ्यांवर टाकायचात. अजूनही कधी झोप लागली नाही की तो पंचाचा वास येतो मला. असो.

आमची काळजी करू नका. गाडीचे हप्ते संपलेत, तेच पैसे इकडे वळवलेत. जावयांना विचारूनच केलंय, ते उलट म्हणाले की आधीच करायला हवं होतं. आई, तुझ्या डब्यातले पैसे तुझेच, त्यातला एक रुपया यात घालायचा नाही. घरात काही म्हणजे काही बदलणार नाही. सकाळची पेज वहिनीच करतील, मासेही त्याच निवडतील, संध्याकाळचा चहा बाबांना खळ्यातच मिळेल, फक्त तो चार वाजायच्या आधी होईल. चारनंतर काही लागलं तर काकीच्या झिलाला फोन करा, त्याला सांगून ठेवलंय. न्हाणीत दांडा बसवायला सुतार गुरुवारी येईल, त्याला "पुढच्या आठवड्यात ये" म्हणून परत पाठवू नका.

आणि आता ऐका.

वहिनींना चहा त्या दांडी तुटलेल्या कपातून द्यायचा नाही. आई, तुझ्या मनात काही नसतं, तो कप हाताशी असतो म्हणून दिला जातो, हे मला ठाऊक आहे. तो कप टाकून दे. दुपारी जेवायला त्या आत बसतील, पडवीत नाही. त्यांना बरं नसेल त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत. घरकामगार कल्याण मंडळात त्यांचं नाव घालायचं आहे, २००८च्या कायद्याने झालेलं मंडळ आहे ते. त्यासाठी आपल्याकडे काम करतात असा दाखला लागेल, मी लिहून पाठवते, बाबांनी फक्त सही करायची, वाद घालायचा नाही. चेडवाच्या नर्सिंगचं मी वेगळं बघतेय, पण वहिनींकडे आत्ताच बोलू नका. आधी कॉलेजात विचारते, उगाच आशा लागायला नको.

बाबा, व्यायाम दोन्ही वेळचे करायचे. वहिनींना "झाले" म्हणून खोटं सांगता हे मला कळतं. आई, साखर मोजलेली वहीत लिही, फोनवर "बरी आसा" एवढं मला चालणार नाही. आणि इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याला लागून नाही.

दिवाळीला येते तेव्हा तुमच्यासाठी काय आणू ते कळवा. स्वेटर नको असं म्हणू नका, आणणारच आहे.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, "पगार वाढलो, आता काम पण वाढव" असं वहिनींना गमतीतसुद्धा म्हणायचं नाही. तुम्ही म्हणणार हे मला माहीत आहे.