पुस्तक मिटून विचारलेल्या त्या प्रश्नाबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या वाचनाच्या अडचणींवर तुम्ही काम करता, म्हणून तिसरीतल्या माझ्या मुलाला घेऊन मी तुमच्याकडे आले, तेव्हा माझी तक्रार एवढीच होती की तो धडा घडाघडा वाचतो, पण धड्याखालच्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्याला देता येत नाही. शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येत होता आणि तो खरा मानून मी त्याच्याकडून एकच धडा पाच-पाच वेळा वाचून घेत होते, याचे आजही वाईट वाटते.

तुम्ही आधी ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते, असे विचारलेत. ‘मळ’ हे उत्तर त्याने लगेच दिले. जोडाक्षरांनाही तो अडखळला नाही. मग तुम्ही पुस्तक मिटलेत आणि एक नवी गोष्ट तोंडी सांगितलीत. ‘हरणांचा कळप दिसताच वाघ झुडपामागे दबा धरून बसला’ हे ऐकल्यावर वाघ का बसला, या प्रश्नाला तो म्हणाला, “दमला म्हणून.” अडचण अक्षरांची नव्हतीच, ऐकलेली भाषाच त्याला पुरती उमगत नव्हती.

गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेले सूत्र तुम्ही मला समजावलेत. अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार म्हणजे वाचनाचे आकलन. ती बेरीज नसल्यामुळे एक बाजू कितीही भक्कम असली तरी दुसरीची उणीव तिने भरून निघत नाही. डिस्लेक्सियात, म्हणजे अक्षरे-शब्द वाचण्यातच येणाऱ्या अडचणीत, मुख्यतः पहिली बाजू अडते, माझ्या मुलाची दुसरी अडली होती. रोजच्या बोलण्यात समोरचा प्रसंग आणि हावभाव त्याला सांभाळून घेत, पुस्तकात तो आधार नसे, म्हणून कोणाच्याच ते ध्यानात आले नाही. तो बोलायला उशिरा लागला होता, हे तुम्ही विचारेपर्यंत मला सांगण्यासारखेही वाटले नव्हते.

पुढचे कित्येक महिने तुम्ही त्याच्याकडून ऐकलेली गोष्ट त्याच्या शब्दांत वदवून घेतलीत, ‘तरीही’ आणि ‘जोपर्यंत’ यांसारख्या शब्दांवर चिकाटीने काम केलेत, आणि मला रोज रात्री वाचून दाखवायला, मध्येच थांबून गप्पा मारायला शिकवलेत.

परवा वाचता वाचता तो आपणहून थांबला आणि म्हणाला, “आई, हिरमुसला म्हणजे रागावला की रडवेला झाला?” पूर्वी तो अशा शब्दावरून सरळ पुढे गेला असता. त्याच्या त्या थांबण्यासाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे.

आपली कृतज्ञ,
एक आई